वरून दिसणारं लोणार काचेत कसं उतरवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेचे तुकडे आणि काचेची भुकटी रचून, भट्टीत एकजीव करून जे चित्र तयार होतं त्याला फ्यूज्ड ग्लास म्हणतात. आकाशातून दिसणारा भूप्रदेश हा या माध्यमाचा अतिशय जवळचा विषय आहे, आणि आपल्याकडे त्यासाठी लोणारच्या विवरासारखी दुसरी जागा नाही. शिकायला येणारे आणि मेलवर विचारणारे यांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं ३० सेंटिमीटर चौरस फलक धरून दिली आहेत. तापमानं बुल्सआय या कंपनीच्या काचेची आहेत; तिचा प्रसरण गुणांक, म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते याचा आकडा, ९० आहे. दुसरी काच वापरत असाल तर आकडे बदलतील.

लोणारच का? सह्याद्रीचे कडे किंवा कोकणचा किनारा का नाही?

तेही करा. पण लोणारचा आणि काचेचा संबंध आपण जोडायच्या आधीपासूनचा आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं हे विवर अशनीच्या धडकेनं झालं. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात झालेली आणि इतकी नीट टिकलेली अशी विवरं पृथ्वीवर फारच दुर्मीळ, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारेही इथे येतात. धडकेच्या उष्णतेनं तो बेसाल्ट वितळला आणि झपाट्यानं निवून त्याची काच झाली. त्या काचेचे बारीक गोळे विवराभोवतीच्या मातीत सापडले आहेत. इतकंच नाही, खडकातल्या फेल्डस्पार खनिजाची काही ठिकाणी न वितळता, निव्वळ दाबानं काच झाली आहे. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात आणि ती अशनींमध्येही आढळते.

दुसरं कारण आकाराचं. जवळजवळ वर्तुळाकार काठ, आत हिरव्या झाडीचं कडं, त्याच्या आत चिखलाचा आणि क्षाराचा पट्टा, मध्ये पाणी, आणि बाहेर चहूकडे शेतांचे चौकोन. वरून पाहिलं की रचना तयारच असते. आपलं काम एवढंच, की कुठली गोष्ट हातानं मांडायची आणि कुठली भट्टीवर सोडायची हे ठरवायचं. या पानावरची बहुतेक उत्तरं शेवटी त्याच एका निर्णयापाशी येतात.

संदर्भासाठी प्रतिमा कुठून घ्यायची?

लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा मोफत आहेत आणि त्यांच्यावर स्वामित्वहक्काचं बंधन नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ च्या प्रतिमाही मोफत मिळतात, फक्त श्रेय द्यावं लागतं. इस्रोचं भुवन संकेतस्थळही पाहा. गूगलच्या नकाशातली प्रतिमा जशीच्या तशी छापणार असाल तर त्यांच्या अटी वाचा. नुसतं पाहून स्वतः रेखाटण्यात अडचण नाही.

लँडसॅटच्या रंगीत प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे आडवे साधारण ६० ठिपके. सेंटिनेलचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे १८० ठिपके. मी नवशिक्यांना मुद्दाम लँडसॅटची भरड प्रतिमा देते. तपशील कमी दिसले की माणूस तपशिलाच्या मागे धावत नाही, रंगांचे मोठे भाग आधी पाहतो. काचेला तेच मानवतं.

ड्रोन उडवायचा विचार असेल तर लोणार हे अभयारण्य आहे हे लक्षात ठेवा. परवानगीशिवाय उडवू नका.

प्रतिमेत विवर खोलगट न दिसता टेकडीसारखं का दिसतं?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि यावर कामाचं यश ठरतं. हे उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो. उत्तर दिशा वर ठेवलेल्या प्रतिमेत उजेड खालून उजवीकडून येतो आणि विवराची आग्नेयेकडची आतली भिंत सावलीत जाते. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय आहे, त्यामुळे मेंदू खळग्याचा उंचवटा करून टाकतो.

उपाय दोन. एक तर फलक उलटा, म्हणजे दक्षिण वर करून टांगायचा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: सावलीची गडद भुकटी वायव्येकडच्या, म्हणजे वरच्या डाव्या आतल्या उतारावर पेरायची. भूगोलाशी ही तडजोड आहे, पण खोली लगेच जाणवते. पावसाळ्याच्या तोंडावरची प्रतिमा घेतली तर सूर्य बराच वर असतो आणि सावल्यांचा हा गोंधळ जवळजवळ होत नाही.

प्रमाण काय ठेवू?

१ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. विवर १८ सेंटिमीटरचं येतं, तळं साधारण १२ सेंटिमीटरचं आणि कडेनं शेतांना पुरेशी जागा उरते. मुख्य विवराच्या उत्तरेला अंबर नावाचा लहान खळगा आहे, साधारण ३०० मीटर व्यासाचा. तो हवा असेल तर विवर फलकाच्या मध्यापासून तीन-चार सेंटिमीटर खाली सरकवा. तसंही वर्तुळ अगदी मधोमध बसवलं की फलक ताटलीसारखा दिसतो. थोडं सरकवलं की जमिनीचा तुकडा दिसतो.

या प्रमाणात उभ्या मापांचीही छान सोय होते. विवराचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच, म्हणजे २ मिलिमीटर. काठापासून तळ साधारण १३५ ते १५० मीटर खाली, म्हणजे १३ ते १५ मिलिमीटर. हे दोन्ही आकडे काचेत जसेच्या तसे जमतात.

कोणती काच घ्यायची? खिडकीची चालेल का?

एका फलकात एकाच घराण्याची काच, हा नियम मोडायचा नाही. तापली की काच प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. दोन काचांचं आकुंचन वेगळं असेल तर त्या एकमेकींना चिकटतात खऱ्या, पण आत ताण राहतो आणि कधीतरी तडा जातो. बुल्सआय ही ९० गुणांकाची, सिस्टम ९६ ही नावाप्रमाणे ९६ ची. खिडकीची फ्लोट काच साधारण ८२ ते ८७ च्या दरम्यान येते आणि प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी असते.

फ्लोट स्वस्त आहे आणि कुठल्याही काचवाल्याकडे मिळते, त्यामुळे हात बसवायला उत्तम. मात्र सगळे तुकडे एकाच मोठ्या काचेतून कापा. तिच्या एका बाजूला निर्मितीच्या वेळचा कथिलाचा थर असतो. ती बाजू भट्टीतून धुरकट होऊन येऊ शकते. लघुलहरी अतिनील दिव्याखाली ती बाजू दुधाळ चमकते, त्यावरून ओळखा. फ्लोटला वितळायला थोडं जास्त तापमान लागतं, सुमारे ८२० ते ८४० अंश. अडचण रंगांची. तिच्याशी जुळणारे फ्रिट (काचेचा रंगीत चुरा) किंवा इनॅमल (काचेवर भाजायचे रंग) हेच वापरावे लागतात.

घरातल्या जुन्या बांगड्या फोडून शेतांसाठी वापरू का? रंग सुंदर आहेत.

रंग सुंदर आहेत, पण नको. एकाच डझनातल्या हिरव्या आणि पिवळ्या बांगडीचं प्रसरणही सारखं असेल याची खात्री नसते. बांगड्यांचं काम वेगळं करा: एकाच रंगाच्या, एकाच गठ्ठ्यातल्या बांगड्या फक्त एकमेकींशी फ्यूज करून पाहा.

किती थर लावायचे?

पूर्ण वितळलेली काच स्वतःहून साधारण ६ मिलिमीटर जाडी धरते. ३ मिलिमीटरचा एकच थर पूर्ण वितळवला तर कडा आत ओढल्या जातात आणि जाड होतात. ९ मिलिमीटर लावली तर काच बाहेर पसरते. म्हणून खाली ३ मिलिमीटरची पारदर्शक काच आणि वर रंगीत तुकड्यांचा ३ मिलिमीटरचा थर. ३० सेंटिमीटर चौरसाला एकूण साधारण १३५० ग्रॅम काच लागते. भुकटी आणि फ्रिट जास्त वापरणार असाल तर वजन काट्यावर तपासत राहा, अंदाजानं नको.

जमीन आणि शेतं कशी रचायची?

इथे घाई करू नका. साऱ्या चित्राला जिवंतपणा येतो तो इथूनच.

शेतांचे चौकोन एकाच दिशेनं नसतात. ओढ्याजवळ ते तिरके होतात, रस्त्याला टेकले की सरळ होतात, वाटण्या झालेल्या जमिनीत चिंचोळ्या पट्ट्या दिसतात. काळी माती, नांगरलेलं तपकिरी रान, उभं पीक, कापणी झालेलं पिवळट शेत असे चार-पाच अपारदर्शक रंग घ्या आणि लांब पट्ट्या कापून मग त्या आडव्या तोडा. सलग पट्टीतून निघालेले तुकडे शेजारी ठेवले की बांध आपोआप जुळल्यासारखे वाटतात. दोन तुकड्यांमध्ये अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी बिघडत नाही. वितळताना काच ती भरून काढते आणि तिथे किंचित वाकडी, मऊ रेघ उमटते. बांध असाच दिसतो. कटरनं काटेकोर जुळवलेल्या तुकड्यांत तो दिसत नाही.

फ्रिटचे आकार स्वयंपाकघरातल्या मापानं सांगायचे तर पावडर म्हणजे मैदा, फाइन म्हणजे रवा, मीडियम म्हणजे साबुदाणा आणि कोर्स म्हणजे खडीसाखरेचा चुरा. जमिनीवरचा रंगबदल मैद्यानं करा, बारीक चाळणी बोटानं टिचकी मारत फिरवा. एकदम जाड थर देऊ नका. काळी पावडर पातळ थरात राखाडी-तपकिरी दिसते आणि दख्खनच्या उन्हाळी जमिनीचा नेमका तोच रंग आहे.

रस्त्यांसाठी १ मिलिमीटरच्या स्ट्रिंगर, म्हणजे काचेच्या बारीक काड्या. मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून वळण देता येतं.

तळ्याचा काठ रेखीव कसा येईल?

हाताने रेघ काढून तो कधीच खरा वाटत नाही. तो रसायनाकडून काढून घ्या. काही काचांत गंधक असतं, उदाहरणार्थ फिकट मलई रंगाची फ्रेंच व्हॅनिला. काही काचांत तांबं असतं, उदाहरणार्थ टर्क्वाइज निळ्या-हिरव्या. या दोन्ही शेजारी ठेवून वितळवल्या की जिथे स्पर्श होतो तिथे गडद तपकिरी रेघ उमटते. तळं तांब्याच्या काचेचं आणि भोवतालचा क्षाराचा पट्टा गंधकाच्या काचेचा केलात तर ओल्या चिखलाची कड भट्टीच काढून देते. कुठे बारीक, कुठे पसरट. मलई काचेवर थोडी टर्क्वाइज पावडर उडाली तरी ठिपके उठतात, म्हणून पेरताना शेजारचा भाग कागदानं झाका.

एक खूण सोडू नका. ईशान्येकडून धारेचं गोडं पाणी विवरात उतरतं. तिथे झाडी दाट असते आणि क्षाराच्या पट्ट्यात खंड पडतो. तेवढ्या भागात मलई काच नको, हिरवी घाला.

मला २०२० मधलं गुलाबी तळं करायचं आहे. जमेल?

जमेल, आणि तो फार सुंदर विषय आहे. २५ मे आणि १० जून २०२० या दोन तारखांच्या लँडसॅट प्रतिमा शेजारी ठेवून पाहा. सोळा दिवसांत हिरवट तळं गुलाबी झालेलं दिसतं. पाणी आटून क्षारता वाढली आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव बळावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं.

काचेतला उत्तम गुलाबी रंग सोन्यापासून येतो. अशी स्ट्रायकर काच कापताना फिक्कट, जवळजवळ रंगहीन दिसते आणि भट्टीत गेल्यावर गुलाबी होते. तिला रंग उमलायला वेळ लागतो: चढत्या तापमानात ६६३ अंशांवर दोन तास थांबा. याच थांब्यात थरांमधली हवाही निघून जाते, त्यामुळे वेगळा थांबा द्यावा लागत नाही. काही गुलाबी काचांत शिसं असतं आणि त्यांचीही गंधकाच्या काचेशी प्रतिक्रिया होते. आधी पाच सेंटिमीटरचा चाचणी तुकडा करा.

माझं मत विचाराल तर दोन फलक करा, एक मे महिन्याचा आणि एक जूनचा. जमीन शक्य तितकी सारखी ठेवा, फक्त पाणी बदला.

काठाचा उंचवटा आणि झाडी सपाट होऊन जाते. काय करू?

सगळं एकाच फायरिंगमध्ये, म्हणजे भट्टीच्या एकाच फेरीत करू नका. पूर्ण वितळवण्याच्या तापमानाला उंचवटा टिकत नाही. क्रम असा ठेवा: पहिल्यांदा जमीन आणि पाणी पूर्ण वितळवून सपाट. दुसऱ्यांदा, कमी तापमानाला, काठाचं फ्रिट आणि झाडी नुसती चिकटवायची. तिसऱ्यांदा, आणखी कमी तापमानाला, खोलगटपणा. प्रत्येक फायरिंग आधीच्यापेक्षा थंड असली की आधीचं काम मोडत नाही.

काठासाठी तपकिरी आणि काळ्या मीडियम फ्रिटची २ मिलिमीटरची कड, बाहेरच्या बाजूला विरळ होत जाणारी. धडकेनं उडालेला दगडधोंडा खरोखर असाच बाहेर पसरलेला आहे. आतल्या उतारावरच्या झाडीसाठी दोन-तीन हिरवे फ्रिट मिसळून, थोडी जागा मोकळी सोडत टाका. चिकटवायला ग्लास टॅक हा काचकामाचा पातळ डिंक पुरे. भरपूर डिंक घातला तर जळून धुरकट डाग राहतो.

विवर खरंच खोल करता येतं?

येतं. १३ मिलिमीटर जाडीचा सिरॅमिक फायबर बोर्ड (भट्टीची उष्णता सोसणारा तंतूंचा फळा) घ्या, त्यात १८ सेंटिमीटरचं भोक पाडा, आतली कड तिरकी तासा. बोर्ड आधी एकदा रिकामाच तापवून घ्या, म्हणजे त्यातला चिकट पदार्थ जळून जाईल. त्यावर किल्न वॉश, म्हणजे काच चिकटू न देणारा लेप लावा आणि फलक असा ठेवा की विवराचा काठ भोकाच्या कडेवर येईल. काच मऊ झाली की मधला भाग खाली शेल्फवर, म्हणजे भट्टीतल्या फळीवर टेकतो आणि तळ्याला सपाट तळ मिळतो. खोली आपोआप १३ मिलिमीटर, म्हणजे प्रमाणात जवळजवळ खरी. बोर्डच्या खालून भोकापर्यंत एक बारीक खाच ठेवायला विसरू नका. अडकलेली हवा बाहेर पडायला वाट हवी.

तिन्ही फायरिंगची तापमानं एकदा नीट सांगाल?

पहिली: तासाला २०० अंशांनी ६६३ पर्यंत. गुलाबी काच असेल तर तिथे दोन तास, नसेल तर ६७० ला अर्धा ते पाऊण तास. मग तासाला ३३० नं ८०४ पर्यंत, १० मिनिटं. भट्टी जितक्या लवकर उतरेल तितक्या लवकर ४८२ ला आणा आणि एक तास धरा. हाच ॲनीलिंगचा, म्हणजे आतला ताण जिरवण्याचा थांबा. मग तासाला ८३ नं ४२७, तासाला १५० नं ३७१ आणि पुढे बंद.

दुसरी: आता तुकडा अखंड आणि जाड आहे, म्हणून हळू. तासाला ११० ते १३० अंशांनी ५४० पर्यंत, मग ७४५ च्या आसपास १० मिनिटं. फ्रिट किती गोल झालं ते झरोक्यातून पाहून ठरवा, प्रत्येक भट्टी थोडी वेगळी असते. उंचसखल कामाला ॲनीलिंग दुप्पट जाडीचं द्यायचं: ४८२ ला दोन तास, तासाला ५५ नं ४२७, तासाला ९९ नं ३७१.

तिसरी: तासाला १०० नं ६४० ते ६५० पर्यंत आणि काच टेकेपर्यंत थांबा. ॲनीलिंग दुसऱ्यासारखंच.

भट्टी ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मन कितीही उतावीळ झालं तरी.

मध्येच मोठा बुडबुडा का येतो?

तुकड्यांखाली अडकलेली हवा किंवा शेल्फमधला खळगा. शेल्फवर सरळ पट्टी धरून पाहा. दोन थरांच्या मध्ये पारदर्शक पावडरचा हलका थर दिला तर हवेला निघायला वाट मिळते. बारीक बुडबुडे मात्र ठेवा, पाण्यात ते शोभतात.

तडा गेला. कारण कसं ओळखू?

तड्याची कड बोटाच्या नखानं तपासा, उघडं बोट फिरवू नका. कड गोलसर असेल तर काच तापताना फुटली आणि नंतर वितळताना कड मऊ झाली. वेग कमी करा. कड धारदार असेल तर निवताना फुटली. ॲनीलिंग वाढवा. तडा दोन रंगांच्या सीमेवरून नेमका जात असेल तर त्या काचा एकमेकींशी जुळत नाहीत. असा तडा भट्टीतून काढल्यावर कित्येक दिवसांनीही जाऊ शकतो. शंका असेल तेव्हा फलक दोन ध्रुवक फिल्टरांच्या मध्ये धरा. दोन्ही फिल्टर आडवे-उभे करून अंधार केला की ताणाची जागा उजळून दिसते. अपारदर्शक रंगांतून हे दिसत नाही, म्हणून त्यांची चाचणी पारदर्शक काचेवर छोटा तुकडा चिकटवून करतात.

लोणारची माती किंवा दगडाची पूड काचेत घालावी असं मनात आहे.

भावना समजते, पण दोन्ही अंगांनी नको. लोणार हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे, अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळही आहे. तिथून काही उचलायचं नाही. आणि बेसाल्टची पूड आपल्या काचेशी जुळत नाही, जिथे घालाल तिथे ताण येतो.

मुलं बरोबर असतील तर काय काळजी घ्यावी?

पावडर चाळताना एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, पंखा बंद, आणि टेबल झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. काचेची आणि फायबर बोर्डची धूळ फुप्फुसाला वाईट. पावडरचं आणि बोर्डचं काम मुलांना देऊ नका. शेतांचे कापलेले, कडा घासलेले तुकडे मांडायला द्या, ते त्यांना फार आवडतं. रंगीत काचांत कॅडमियम किंवा शिसं असू शकतं, म्हणून हा फलक जेवणाच्या टेबलावर ताट म्हणून वापरू नये.

फलक भिंतीवर लावू की खिडकीत?

जमीन अपारदर्शक आणि पाणी पारदर्शक असेल तर भिंतीपासून दोन-अडीच सेंटिमीटर पुढे, स्टँड-ऑफ खिळ्यांवर लावा. मागची भिंत पांढरी असली की तळं आतून उजळतं. वजन सव्वा किलोच्या पुढे जातं, साध्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं?

डब्यांवर आधी काचेचं घराणं लिहा, रंग नंतर. ९० आणि ९६ चे तुकडे एकदा मिसळले की डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत. ज्याची खात्री नाही तो तुकडा पुढच्या फलकात घालू नका.